कोरडा कागद

बोगोटात, तेराव्या रस्त्यावर, आमची नोटरी कचेरी.
दुसऱ्या मजल्यावर जिन्यापाशी तीन पिशव्या:
पांढरी, काळी, हिरवी.
वर रुबिएलाने चिकटवलेला तक्ता,
त्याच्यावर आता कुणाच्याशा बाप्तिस्म्याच्या
वर्गणीची चिठ्ठी.

मी नक्कल विभागात.
दिवसाला चारशे पानं हातून जातात,
त्यातली तीसेक बिघडतात:
समास चुकलेला, शिक्का उलटा,
मेलेल्या माणसाच्या नावात एक अक्षर जास्त.
ती पांढऱ्या पिशवीत.
कॉफीचा कपही मी त्यातच टाकायचे.
कागदाचाच तर आहे.
तळाशी घोटभर काळी कॉफी, साखरेसकट.

कोणी पाहत नव्हतं,
किंवा पाहत असेल तर तोही तेच करत होता.

साडेसहाला खाली बेलार्मिनो यायचा.
दोन चाकांची गाडी, दोरखंड,
ताडपत्री म्हणून कुठल्याशा सर्कशीचा फ्लेक्स.
फुटपाथवरच पिशवी सोडून निवडायला बसायचा.
मी बसच्या रांगेतून बघायचे,
रांग सरकली की विसरायचे.

एका मंगळवारी तो वर आला.
गिऱ्हाईक म्हणून. इस्त्रीचा शर्ट, ओले केस,
टोकन एकावन्न.
हयातीचा दाखला हवा होता.
तरुणपणी काचकारखान्यात होता,
तिथली चिमूटभर पेन्शन अडकलेली.
तो जिवंत आहे,
एवढंच आम्ही लिहून द्यायचं होतं.

यंत्रावर तर्जनी ठेवली.
लाल दिवा.
पुसून ठेवली. लाल.
अंगठा, मधलं बोट, मग डावा हात.
लाल.
"रेघा गेल्यात," तो म्हणाला,
टक्कल पडल्याचं सांगावं तसं.
मी बोटं धरून पाहिली.
नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत.

काच, पत्रा, म्हणाला, पण सगळ्यात जास्त कागद.
दिसायला गरीब, पण झिजवतो.
ओला असला तर फारच,
एकेक पान सोलून काढावं लागतं.

ओला कशाने?
त्याने माझ्या टेबलावरच्या कपाकडे पाहिलं.
बोलला काहीच नाही.

मग सांगितलं, मी विचारलं म्हणून.
कोरडा पांढरा कागद चांगल्या भावाने जातो,
भिजला की वखारवाला पुठ्ठ्यात धरतो,
कॉफी लागली की धरतच नाही.
कप आतून प्लास्टिकचा. तो काळ्या पिशवीत.
बँकेच्या त्या गुळगुळीत पावत्याही काळ्यातच.
आणि चुरगळू नका, बाई.
चुरगळलेला कागद वजनाला तेवढाच भरतो
पण गाडीत जागा खातो.
खेपा वाढतात.

शेवटी शाईचं पॅड काढलं, जुन्या पद्धतीने.
पहिल्या कागदावर नुसता ढग उठला.
दुसऱ्यावर तोच ढग, जरा गडद.
तिसऱ्यावर करंगळीची एक कड उमटली,
साडेतीन रेघा.
नोटरीसाहेबांनी भिंग लावलं, हुं म्हणाले,
सही केली: समक्ष हजर, हयात.
फी माफ करता येत नाही.
ती त्याने सुट्ट्या नाण्यांत मोजली.

बिघडलेले दोन कागद उचलून
मी पिशव्यांपुढे उभी राहिले.
सोळा वर्षं नोकरी झाली
आणि शाई लागलेला कागद कुठे टाकायचा
हे विचारावं लागलं.
"पांढऱ्यात," तो जिन्यातून म्हणाला.
"शाई चालते. पिन तेवढी काढा."

काढली. बोटात घुसली.

संध्याकाळी कप बेसिनवर रिकामा करून
काळ्या पिशवीत टाकला.
रुबिएला म्हणाली, तब्येत बरी आहे ना तुझी?

खाली तो नेहमीच्या मळक्या शर्टात.
पिशवी सोडली. सगळ्यात वर त्याचेच दोन ढग.
त्याने ओळखले की नाही, कळलं नाही,
सपाट करून गठ्ठ्यावर ठेवले.
मग हात खाली गेला
आणि एक कप बाहेर आला, ठिबकत.

माझा नव्हता तो.
रस्त्यापलीकडून ओरडून सांगावंसं वाटलं,
माझा नाही.
बस आली.